बिननावाचं फोल्डर आणि बाकीची दुखणी

या वेळी तुमचे जे मेल आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल होते, ताई कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, काय करू. म्हणून प्रिंटरवाले आणि एक्सेलवाले, तुम्ही रागावू नका, तुमचं पुढच्या अंकात. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढलीत, कारण दोघांनी तर मेलमध्ये स्वतःचा पासवर्डच लिहून पाठवला होता. तो आधी बदला बरं का.

प्रश्न : ताई, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. निकालपत्रकं प्रिंट करायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत. उघडलं की क्षणभर एक काळी चौकट येते आणि जाते, मग फोल्डर उघडतं. मिस्टरांच्या लॅपटॉपला लावला तर तिथंही तेच. आत पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. भाचा म्हणतो फॉरमॅट मार. मारू का? (मिरज)

उत्तर : अजिबात नको, निदान आज तरी नको. तुमच्या फाइली कुठंही गेलेल्या नाहीत, त्याच पेनड्राइव्हमध्ये आहेत, फक्त लपवल्यात. हा व्हायरस करतो काय, तुमची खरी फोल्डरं लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, तुम्ही शॉर्टकट दाबलात की आधी तो स्वतः चालतो (ती काळी चौकट म्हणजे तोच) आणि मग तुमचं फोल्डरही उघडून देतो, म्हणजे तुम्हाला वाटतं चला, चालतंय की.

खात्री करायची असेल तर एका शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. टार्गेट नावाच्या रकान्यात साधं फोल्डरचं नाव असायला हवं, तिथं सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल असलं काहीतरी लांबलचक लिहिलेलं दिसलं तर तो हाच. आकार बघा, एक-दोन केबी. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका दोन केबीत मावत नाहीत.

आता फाइली बाहेर काढू. शॉर्टकटवर डबल क्लिक बंद, आजपासून. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा. तेवढ्यानं नाही दिसलं तर फोल्डर ऑप्शन्समध्ये, व्ह्यूच्याच टॅबवर, हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स असं एक आहे, त्याची टिक काढा. विंडोज घाबरवेल, हो म्हणा. मग बऱ्याचदा असं होतं की पेनड्राइव्हमध्ये एक फोल्डर दिसतं ज्याला नावच नसतं, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा. गॅमारू उर्फ अँड्रोमेडा नावाच्या व्हायरसची ही जुनी सवय, सगळं सामान या बिननावाच्या फोल्डरात कोंबायचं. त्यात शिरा, तुमच्या वर्ड आणि पीडीएफ फाइली तेवढ्या उचला आणि कॉम्प्युटरवर नव्या फोल्डरात ठेवा. सोबत अनोळखी फाइली असतील, विचित्र नावाच्या, त्या उचलू नका. लपलेल्या फाइली पुन्हा दिसत्या करायची एक कमांड सगळीकडे फिरत असते, ती मी मुद्दाम इथं छापत नाही, त्यात एक अक्षर किंवा स्पेस इकडची तिकडे झाली तर वेगळंच काम होतं आणि मग मला पुढच्या महिन्यात दुसरं पत्र येतं.

आता भाच्याचं ऐका, पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा. पण थांबा, दोन्ही लॅपटॉपला तो लागलेला असणार, कारण तुम्ही दोन्हीकडे शॉर्टकट दाबलाय. नुसता पेनड्राइव्ह धुवून उपयोग नाही, विहीर गढूळ ठेवून घागर घासल्यासारखं होईल. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात स्कॅन ऑप्शन्स, आणि सगळ्यात खालचा ऑफलाइन स्कॅन निवडा. सगळं सेव्ह करून ठेवा कारण कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आधीच तपासणी करतो, पंधरा-वीस मिनिटं लागतात. याचा फायदा असा की व्हायरस त्या वेळी झोपेत असतो, लपायला त्याला जागा नसते. नंतर फुल स्कॅन, तो रात्री लावून झोपा.

गेला की नाही हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लावा, त्यात एक-दोन रिकामी फोल्डरं करा, काढा, परत लावा. त्यांचे शॉर्टकट झाले तर लॅपटॉप अजून आजारी आहे.

आणि झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्ह देऊच नका, पीडीएफ त्याच्या दुकानाच्या नंबरवर पाठवा. तो बिचारा दिवसाला पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लावतो, त्याचा दोष नाही. मी स्वतः एका फॉर्मच्या प्रिंटसाठी गेले होते तेव्हा हाच प्रसाद घेऊन आले होते, हे सदर लिहिणारी बाई, बोला आता. तेव्हापासून द्यावंच लागलं तर पूर्ण आकाराचं एसडी कार्ड नेते. त्याच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो लॉककडे सरकवला की बहुतेक कार्ड रीडर त्यावर काही लिहू देत नाहीत. आतलं वाचता येतं, बाहेरचं आत शिरत नाही.

प्रश्न : स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर दहा मिनिटांनी मेसेज येतो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, लगेच नूतनीकरण करा. वर एका मोठ्या अँटिव्हायरसचं नाव आणि चिन्ह आहे. मी तर ते कधी विकतच घेतलं नव्हतं. वय ७१, पेन्शनचं सगळं यावरच आहे, धाकधूक होते. (डोंबिवली)

उत्तर : काका, आधी एक ग्लास पाणी प्या. बहुतेक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकही व्हायरस नाही. कधीतरी एखादी वेबसाइट उघडली असेल, क्रिकेटचा स्कोअर नाहीतर पंचांग, आणि तिनं विचारलं असेल की नोटिफिकेशन पाठवू का, तुम्ही अलाउ दाबलं. झालं, त्या साइटला तुमच्या कोपऱ्यात येऊन ओरडायचा परवाना मिळाला. त्या कंपनीचाही यात काही संबंध नाही, तिचं नाव आणि चिन्ह चोरलेलं आहे.

क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली सगळी काढून टाका, आणि खरं तर सगळीच काढलीत तरी काही बिघडत नाही. पुढच्या मिनिटाला शांतता.

तिथंच आहात तर एक्स्टेन्शन्सही बघून घ्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जादा प्रोग्रामं, तुम्ही न घातलेलं काही असेल तर उडवा. आणि त्या तीन ठिपक्यांच्या यादीत अगदी तळाशी मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन असं आलंय का बघा. घरच्या कॉम्प्युटरला कसलं आलंय ऑर्गनायझेशन? कधी कधी चांगल्या सॉफ्टवेअरमुळेही ते दिसतं, पण सोबत होमपेज आपोआप बदलत असेल तर मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर नावाचं छोटं मोफत टूल चालवा, असल्या चिकट गोष्टी ते चांगल्या काढतं. जुन्या लेखांत क्रोमचंच क्लीनअप टूल वापरा म्हणून सांगतात, ते शोधत बसू नका, गूगलनं ते २०२३ मध्ये काढून टाकलं.

याचाच थोरला भाऊ म्हणजे अख्खी स्क्रीन निळी होते, भोंगा वाजतो, आणि मायक्रोसॉफ्टला फोन करा म्हणून नंबर येतो. तो नंबर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ते फक्त फुल स्क्रीन केलेलं वेबपान असतं, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर आणा आणि ब्राउझर बंद करा, परत उघडताना जुनी पानं रिस्टोअर करू का विचारलं तर नाही म्हणा. फोन करून झाला असेल आणि समोरच्यानं एनीडेस्क वगैरे (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून घेतलं असेल तर मात्र इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडकवायची शक्यता जास्त.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. त्यानं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठूनतरी फुकट उतरवलं. तो म्हणतो ते चाललंच नाही, क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं इन्स्टाग्राम गेलं, मग माझं जीमेल. दोन्हीकडे ओटीपी लावलेला होता आणि ओटीपी मला आलाच नाही! स्कॅन केला तर एकही व्हायरस नाही. मग हे झालं कसं? (नाशिक)

उत्तर : या पत्रासाठी मी जास्त जागा ठेवली कारण आजकालचा खरा त्रास हाच आहे, पेनड्राइव्हवाले व्हायरस याच्यापुढं गरीब.

मुलगा म्हणतो काहीच झालं नाही, तर ते त्याच्या दृष्टीनं खरं आहे. याला इन्फोस्टीलर म्हणतात. घरात राहायला आलेला पाहुणा नव्हे हा, खिसेकापू आहे. येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज, फॉर्ममध्ये भरलेली माहिती, डेस्कटॉपवरच्या फाइली हे सगळं एका गाठोड्यात बांधतो, पाठवून देतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकून निघून जातो. हे सगळं काही मिनिटांत. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये काही सापडत नाही आणि आपण निवांत होतो.

ओटीपीचं कोडं असं आहे. जत्रेत आत शिरताना गेटवर तिकीट बघतात आणि हातावर शिक्का मारतात, मग तुम्ही आत-बाहेर करा, कोणी परत तिकीट मागत नाही. पासवर्ड आणि ओटीपी हे गेटवरचं काम, कुकी म्हणजे हातावरचा शिक्का. चोरानं तुमचा शिक्काच उचलला आणि स्वतःच्या हातावर उमटवला. तो गेटवर गेलाच नाही, मग ओटीपी येणार कुठून.

हे फार पसरलंय. लुमा नावाचा असाच एक इन्फोस्टीलर, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आणि पोलीस यंत्रणांनी मिळून त्याचं जाळं तोडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सांगितलेला आकडा होता दोन महिन्यांत ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटर. आणि हा एकच, असे बरेच आहेत.

मुलाला ओरडण्याआधी त्याला एवढं विचारा, झिप फाइलला पासवर्ड होता का, १२३४ वगैरे? आणि जिथून लिंक मिळाली त्या व्हिडिओखाली असं लिहिलं होतं का की आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करा, नाहीतर क्रॅक (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची चोरवाट) चालणार नाही? दोन्हींचं उत्तर हो येईल बघा. पासवर्ड यासाठी की स्कॅनरला झिपच्या आत बघता येऊ नये, आणि डिफेंडर बंद कशासाठी ते आता सांगायला नकोच. चोर म्हणतो कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतो.

आता क्रम. सगळे जण उलटा करतात म्हणून नीट वाचा. लोक काय करतात, घाबरून त्याच कॉम्प्युटरवर बसून भराभर सगळे पासवर्ड बदलतात, आणि खिसेकापू अजून घरातच असेल तर त्याला नवे पासवर्डही ताजे ताजे मिळतात. तर आधी त्या कॉम्प्युटरचं वायफाय बंद. मग मोबाइल घ्या आणि पहिल्यांदा जीमेल, कारण बाकी सगळ्याच्या किल्ल्या तिथं येतात. खातं हातातून गेलंच असेल तर गूगलच्या अकाउंट रिकव्हरीमधून जा, नेहमीच्या फोनवरून आणि घरच्याच वायफायवरून करा, त्यानं ओळख पटायला मदत होते. आत गेल्यावर पासवर्ड बदला, आणि त्यावर थांबू नका, सिक्युरिटीमध्ये युवर डिव्हायसेस आहे तिथून एकूण एक डिव्हाइस साइन आउट करा, कारण शिक्का तेव्हाच पुसला जातो. रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना बघा. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स उघडून बघा, हे कोणी बघत नाही, चोर एक नियम लावून ठेवतो की बँकेचे मेल परस्पर दुसरीकडे जावेत नाहीतर कचऱ्यात, आणि तुम्हाला महिनाभर पत्ता लागत नाही. मग इन्स्टाग्राम, नेट बँकिंग, व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हायसेस.

कॉम्प्युटर शेवटी. त्यात डिफेंडरच्या सेटिंगमध्ये एक्सक्लूजन्स म्हणून एक यादी असते, इथं बघू नकोस अशी. ती उघडा. मी असे कॉम्प्युटर बघितलेत ज्यात अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत टाकलेला होता, डिफेंडर बिचारा रोज स्कॅन करून सगळं ठीक म्हणतोय कारण त्याला बघायलाच काही ठेवलेलं नाही. तुमचा शून्य व्हायरसवाला स्कॅन असलाच नाही ना ते बघा.

पण खरं सांगू, या केसमध्ये मी पुसापुशी करत बसणार नाही, विंडोज नव्यानं टाकेन. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, सेटअप आणि झिप फाइली एकही नको. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग आणि क्लाउड डाउनलोड. चार जीबीच्या वर डेटा जातो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका. एक संध्याकाळ जाते, पण नंतर रात्री झोप लागते.

प्रश्न : एका साइटवर मी रोबोट नाही अशी चौकट आली. तिनं सांगितलं विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. मी दाबलं. एक चौकट लुकलुकली. काही झालं असेल का? (नागपूर)

उत्तर : हो, झालं असेल. त्या पानानं तुमच्या क्लिपबोर्डमध्ये गुपचूप एक कमांड भरून ठेवली होती आणि ती तुमच्याच हातून चालवून घेतली. नाशिकचं उत्तर वायफाय बंदपासून शेवटपर्यंत तुम्हालाही लागू, आत्ताच, हा अंक बाजूला ठेवून. खरा कॅप्चा तुम्हाला बसेस आणि सिग्नल ओळखायला लावतो, कीबोर्डवर कवायत करायला लावत नाही.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. २०२१ साली अल्बम डिझाइनचं क्रॅक टाकलं आणि रात्रीत सगळ्या फाइलींच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं लागली, एकही उघडेना. रीडमी फाइलमध्ये ९८० डॉलर मागितले होते, ७२ तासांत आलात तर ४९०. दिले नाहीत. हार्डडिस्क कपाटात पडून आहे. आता काही होईल? लोकांची लग्नं आहेत त्यात. (म्हापसा)

उत्तर : पैसे दिले नाहीत ते बरं केलंत आणि डिस्क फॉरमॅट केली नाहीत ते त्याहून बरं. ९८० आणि ४९० हे आकडे म्हणजे स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, सहीच. व्हायरस काढणं इथं दुय्यम, तो निघाला तरी फाइलींचं कुलूप तसंच राहतं.

दोन शक्यता आहेत. तुमच्या फाइली बंद करताना त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं असेल तर किल्ली फक्त तुमच्यापुरती बनलेली, ती मिळणं अवघड. नेट गेलेलं असेल किंवा सर्व्हर बंद असेल तर त्यानं आपल्याजवळची ठरावीक किल्ली वापरली, आणि अशा बऱ्याच किल्ल्या नंतर सापडल्यात. एम्सिसॉफ्ट कंपनीचं मोफत डिक्रिप्टर (कुलूप उघडायचं टूल) आहे, ते सांगेल तुमची कुठली. नो मोअर रॅन्सम या साइटवरून घ्या, डच पोलीस आणि युरोपोलनं सिक्युरिटी कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे. किल्ली काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांकडून काही घेऊ नका, डिक्रिप्टरच्या नावानं दुसरं रॅन्समवेअर गळ्यात मारल्याचेही प्रकार झालेत. आधी डिस्कची पूर्ण कॉपी करा, प्रयोग कॉपीवर.

आणि आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलची फक्त सुरुवातीची दीडशे केबी बिघडवतो. छोट्या जेपीजीचा त्यात निकाल लागतो. पण लग्नाचा व्हिडिओ दोन-चार जीबीचा असतो, त्याचा बाकी सगळा भाग आतमध्ये जसाच्या तसा आहे, म्हणजे मंगलाष्टकं शाबूत आहेत. असे व्हिडिओ दुरुस्त करायची टूल्स मिळतात, त्यांना फक्त त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून लागते. तो कॅमेरा विकला नसेल तर आजच दहा सेकंद काहीतरी शूट करा. रॉ फोटोंमध्येही बहुतेक वेळा आत एक मोठी जेपीजी प्रिव्ह्यू दडलेली असते, तीही काढून बघता येते.

प्रश्न : लॅपटॉप फार स्लो झालाय, नक्की व्हायरस आहे. दोन अँटिव्हायरस टाकलेत तरी फरक नाही. विंडोज १० आहे. तिसरा कुठला विकत घेऊ? (लातूर)

उत्तर : तिसरा घेऊ नका, दोनातला एक आजच काढा. दोघं एकमेकांवर पाळत ठेवतात आणि त्यात तुमचा लॅपटॉप दमतो. मला विचाराल तर घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, दुसरा टाकला की तो आपोआप बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत येतो. विकतचाच हवा असेल तर मनाई नाही, क्विक हील तर आपल्या पुण्याचाच, काटकर बंधूंचा, त्यातले थोरले आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. शंका असेल तेव्हा एकदाच चालवायला सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकट टूल्स आहेत.

काळजी विंडोज १० ची करा. त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांना एक वर्ष वाढवून दिलंय, विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय दिसतो, तो घ्या. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती पुढेही येत राहील, पण पहारेकरी जागा ठेवून भिंतीची भोकं बुजवली नाहीत तर तो तरी किती पळणार.

आणि स्लो म्हणाल तर टास्क मॅनेजर उघडा, डिस्कचा रकाना बघा. काहीच चालू नसताना तो सारखा १०० टक्के दाखवत असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तो व्हायरस नाही, ते वय आहे. साधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या, शक्यतो तुमच्यासमोर, आणि दुकानदार म्हणाला की सोबत विंडोज आणि ऑफिस क्रॅक मारून देतो, तर नको म्हणा.